कार्डावरचा रंग आणि घरातला उजेड

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, कळंबा तलावाच्या परिसरात, गेल्या काही वर्षांत वस्ती झपाट्याने वाढली आहे. दुकान लक्ष्मीपुरीत किंवा गुजरीत आणि राहते घर मात्र मोकळ्या हवेत, अशी सोय अनेक व्यापारी कुटुंबांना हवीशी वाटते. अशा कोणत्याही नव्या घरात घडू शकेल असा एक प्रसंग कल्पून पाहावा.

घर बांधून झाले. फरशी बसली, दारे-खिडक्या लागल्या. रंगाचा विषय निघाला तेव्हा थोरल्या सूनबाईंनी रंगाच्या दुकानात बसून शेडकार्ड चाळले आणि ताज्या लोण्यासारखा एक फिकट पिवळसर रंग निवडला. सासूबाईंनीही तो पसंत केला. रंगाऱ्याने पुट्टी घासली, प्रायमर लावला, रंगाचे दोन हात दिले आणि चौथ्या दिवशी सायंकाळी काम संपवले. रात्री घरातील सगळी मंडळी नव्या हॉलमध्ये जमली, दिवे लागले आणि सर्वांचे चेहरे उतरले. भिंतींवर लोणी कोठेच नव्हते. त्या हिरवट, फिकट आणि आजारी वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी उरलेली मजुरी घ्यायला आला. घरातील वडीलधारे अण्णा म्हणाले, "पेंटर, आम्ही निवडलेला रंग हा नव्हे. डबा बदलला असेल, नाहीतर तुम्ही काहीतरी मिसळले असेल."

रंगारी शांतपणे म्हणाला, "अण्णा, कार्डावरचाच नंबर हाय. डब्यावर बघा की."

डब्यावरचा क्रमांक बरोबर होता. तरी अण्णांचे समाधान झाले नाही आणि मजुरी अडकून राहिली. एका बाजूला चार दिवस राबलेल्या माणसाच्या हक्काचे पैसे, दुसऱ्या बाजूला फसवणूक झाल्याची भावना. दोघेही प्रामाणिक असताना असा पेच उभा राहू शकतो. कारण ज्या वस्तूबद्दल वाद आहे तिचे स्वरूपच दोघांनी नीट ओळखलेले नसते.

रंग डब्यात असतो, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. डब्यात असते ते रंगद्रव्य. त्यावर उजेड पडतो, त्यातील काही भाग भिंत शोषून घेते, उरलेला परत फेकते, आणि तो परतलेला उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचला म्हणजे आपण त्याला रंग म्हणतो. भिंत स्वतःकडचे काही देत नाही. मिळालेल्या उजेडातूनच ती निवड करते. म्हणून उजेड बदलला की तीच भिंत दुसरे उत्तर देते.

पिवळसर भिंत सूर्यप्रकाशातील तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तिन्ही भाग परतवते. त्या मिश्रणातून लोण्याचा उबदारपणा दिसतो. बाजारात 'कूल डेलाईट' या नावाने मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्याच्या उजेडात मात्र निळ्याचा अंश अधिक आणि तांबड्याचा अंश तुटपुंजा असतो. जे मिळालेच नाही ते भिंत परत कसे देणार? तांबडा अंश उणा पडला की पिवळ्याचा तोल हिरव्याकडे झुकतो. अण्णांच्या हॉलमध्ये नेमके हेच घडले.

दिव्याच्या खोक्यावर केल्विन या एककात एक आकडा छापलेला असतो. तो सुमारे २७०० ते ३००० असेल तर उजेड जुन्या काचेच्या पिवळ्या बल्बासारखा उबदार; ४००० च्या आसपास असेल तर मध्यम; ६५०० असेल तर निळसर पांढरा. आकडा वाढला की उजेड अधिक थंड भासतो. काही खोक्यांवर सीआरआय या नावाने आणखी एक आकडा असतो. वस्तूंचे रंग तो दिवा किती खरे दाखवतो याचे ते माप असून त्याची कमाल मर्यादा १०० आहे. जुना तारेचा बल्ब या कसोटीवर जवळजवळ १०० ला पोहोचत असे. घरातल्या एलईडीसाठी ८० हा आकडा चालण्याजोगा आणि ९० किंवा त्याहून अधिक हा चांगला समजावा. दिवा विकत घेताना वॅट आणि किंमत पाहिली जाते. हे दोन आकडे बहुधा कोणी वाचत नाही.

वास्तविक व्यापारी घरांना हे ज्ञान नवे नाही. गांधीनगरच्या कापडपेठेत मुरलेला माणूस साडीचा रंग जुळवायचा असेल तर ती उचलून दारापाशी, दिवसाच्या उजेडात नेतो. गिऱ्हाईकही तेच करते. रात्री घेतलेले कापड सकाळी वेगळे दिसले, ही तक्रार कापड-दुकानदाराने कधी ऐकली नसेल असे होणार नाही. दुकानात जी सावधगिरी अंगवळणी पडलेली असते ती घराचा रंग निवडताना मात्र विसरली जाते. दोन बोटांएवढ्या कागदी तुकड्यावर, परक्या दुकानाच्या दिव्याखाली, दहा-पंधरा वर्षे डोळ्यांसमोर राहणाऱ्या भिंतींचा निर्णय होतो.

कापडाच्या व्यवहारातूनच रंगाच्या अभ्यासाला एक मोठे वळण मिळाले, हेही येथे सांगण्याजोगे आहे. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ या राजाश्रयी विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथील काळा रंग फिका उतरतो, अशी विणकरांची तक्रार होती. शेव्हरलने काळ्या लोकरीची तपासणी केली तेव्हा तिच्यात दोष आढळला नाही. दोष शेजाराचा होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी तोच काळा निस्तेज दिसे. एका रंगाचे दिसणे शेजारच्या रंगावर अवलंबून असते, हा विषय त्याने पुढे सविस्तर मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगवणाऱ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी मालाची तपासणी करण्याची ही वृत्ती कोणत्याही पेढीला शोभणारी आहे.

कोल्हापूरला तर रंग आणि उजेडाच्या या नात्याचा वारसाच लाभलेला आहे. कोटितीर्थ तलावाच्या परिसरातील निसर्ग रंगवणारे आबालाल रहिमान याच नगरीतले. रंगभूमीचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळलेले बाबूराव पेंटर हेही येथलेच. त्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला, आणि १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडी वस्तू पडद्यावर काळपट उतरे आणि निळी फिकट होई. चित्रपटाचे नेपथ्य रंगवणाऱ्याला म्हणूनच डोळ्यांना काय दिसते एवढ्यावर विसंबून चालत नसे. आपला रंग शेवटी कोणत्या नजरेला दिसणार आहे, हे आधी ठरवूनच ब्रश उचलावा लागे. घर रंगवणाऱ्यानेही याच क्रमाने विचार करावा, म्हणजे दिवे आधी ठरवावेत आणि रंग मागाहून.

दिवसाचा उजेडही एकसारखा नसतो. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य येथे माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो आणि उरलेले वर्षभर दक्षिणेस. त्यामुळे उत्तरेकडील खोलीत वर्षाचा बहुतेक काळ आकाशाचा सौम्य, निळसर उजेड येतो. तेथे राखाडी रंग अधिक थंड वाटतो आणि फिकट निळा उदास होतो. पूर्वेच्या खोलीला सकाळी आणि पश्चिमेच्या खोलीला सायंकाळी सोनेरी झळाळी मिळते. पावसाळ्यात आभाळ भरलेले असताना सर्वच खोल्यांतील रंग मंद होतात. खिडकीबाहेर हिरवे शेत किंवा शेजारची रंगीत भिंत असेल तर तिच्यावरून परतलेला उजेडही घरात शिरतो आणि आपली छटा सोबत आणतो.

भोजनाच्या खोलीचा विचार आपल्या घरांत विशेष काळजीने करावा लागतो. ज्या कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम आहे, तेथे या खोलीचा खरा उपयोग दिवसाच्या उजेडात होतो आणि संध्याकाळचे ताट उतरत्या उन्हात वाढले जाते. त्या भिंतींचा रंग रात्रीच्या दिव्याखाली पारखून उपयोगाचे नाही. तो दुपारी आणि सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात पाहिला पाहिजे. उलट, दुकान वाढवून घरी परतल्यावर सगळी मंडळी ज्या हॉलमध्ये बसतात, तेथे रात्रीच्या दिव्याचे मत अधिक महत्त्वाचे. ज्या वेळी खोली वापरली जाते त्याच वेळी रंग पाहावा, एवढेच सूत्र.

कार्ड आणि भिंत यांत उजेडाखेरीज आणखी तीन कारणांनी अंतर पडते. पहिले, विस्तार. लहान तुकड्यावर सौम्य वाटलेला रंग चारही भिंतींवर गेला की त्या भिंती आपापला रंग एकमेकींवर फेकतात आणि छटा गडद होते. म्हणून मनात भरलेल्या रंगापेक्षा एक पायरी फिकट छटा घेणे बहुधा सुरक्षित असते. दुसरे, वाळणे. इमल्शनमधील चिकट द्रव्य ओले असताना दुधाळ दिसते आणि वाळल्यावर पारदर्शक होते. त्यामुळे बहुतेक रंग वाळल्यावर थोडे गडद होतात. ओल्या भिंतीकडे पाहून मत बनवू नये. तिसरे, चकाकी. तुळतुळीत भिंतीवर दिव्याचे प्रतिबिंब उमटते आणि तेथे रंग उडालेला भासतो. चकाकी नसलेल्या भिंतीवर तो सपाट आणि एकसारखा दिसतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. निवडलेल्या दोन-तीन छटांचे लहान डबे आणावेत. साधारण दोन फूट लांब-रुंद प्लायवूडचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन, कडेने बोटभर पांढरी जागा सोडून, प्रत्येकावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि एक दिवस पूर्ण वाळू द्यावेत. पांढरी कड ठेवल्याने जुन्या भिंतीचा रंग नव्या रंगाच्या शेजारी येत नाही. मग तो तुकडा खोलीतील प्रत्येक भिंतीपाशी उभा करून सकाळी, भर दुपारी, सूर्यास्तापूर्वी आणि रात्री, अशा चार वेळा पाहावा. रात्री पाहताना जे दिवे कायम लावायचे आहेत तेच लावावेत. फरशीचा तुकडा, पडद्याचे आणि सोफ्याचे कापड शेजारी ठेवावे. घरातील ज्येष्ठांना अवश्य दाखवावे. वयोमानाने डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या छटा त्यांना अंधूक दिसू शकतात. घर त्यांचेही आहे.

रंग पक्का झाला की छटेचा क्रमांक, रंगाचा प्रकार आणि बॅचचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. एका खोलीचा सर्व रंग एकाच वेळी आणावा. डबे अनेक असतील तर रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला सांगावे. म्हणजे डब्याडब्यांतला सूक्ष्म फरक भिंतीवर उमटत नाही. वहीत नोंद असली की वादाला जागा कमी राहते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता अण्णांच्या हॉलकडे परत जाऊ. सूनबाईंनी त्या रात्री पर्समधले शेडकार्ड काढले आणि हॉलमधल्या त्याच दिव्याखाली भिंतीला लावून धरले. कार्डावरचा लोण्याचा तुकडाही हिरवट दिसत होता. कार्ड आणि भिंत यांत फरक उरला नव्हता. मग त्यांनी देवघरातला २७०० केल्विनचा दिवा आणून हॉलमध्ये लावून पाहिला. भिंत उबदार झाली आणि कार्डही तसेच झाले.

ही कसोटी प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. रंग चुकला असे वाटले तर आधी कार्ड भिंतीला टेकवावे, एकदा दिवसाच्या उजेडात आणि एकदा दिव्याखाली. दोन्ही वेळा कार्ड आणि भिंत जुळत असतील तर रंगारी निर्दोष आहे आणि बदल दिव्यात करायचा आहे. दिवसा जुळून रात्री वेगळे दिसत असतील, तर कार्डाची छपाई आणि डब्यातला रंग यांची द्रव्ये निराळी असल्याने तसे घडते. तेथेही रंगाऱ्याचा हात नाही. दोन्ही वेळा जुळत नसतील तरच डब्याची आणि दुकानाची चौकशी करावी.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावून घेतले, उरलेली मजुरी पूर्ण दिली आणि म्हणाले, "पेंटर, काल मी बोललो ते चुकलं माझं."

रंगाऱ्याने पैसे कपाळाला लावले आणि विचारले, "अण्णा, वरच्या मजल्याचे दिवे कुठले घेणार? ते आधी आणा. मग कार्ड बघू."