तोतया मोटार

मी मोटारींवर लिहिणार हे ऐकून घरच्या मंडळींची चांगलीच करमणूक झाली. ज्या गृहस्थाला पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी शेजाऱ्यांना हाक मारावी लागते, त्याने या विषयावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालू नयेत, असे सौभाग्यवतींचे मत पडले. मत रास्त आहे. पण वाचकहो, या खेपेस मी मोटारींच्या वाटेला गेलो नव्हतो. त्याच माझ्या वाटेत आल्या. आणि आल्या त्या माझ्याच धंद्याच्या वाटेने, म्हणजे अक्षरांच्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत डेट्रॉईटजवळ नोकरीला आहे. गेल्या वर्षी रजा काढून त्याच्याकडे महिनाभर राहिलो. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे पंढरपूर. १९९५ साली सुरू झालेली जुन्या मोटारींची यात्रा तिथे ऑगस्टात वुडवर्ड अव्हेन्यूवर भरते. भाच्याने मला यात्रेला नेले. तिथे सगळ्यांत जास्त गर्दी होती ती ‘मसल कार’भोवती. आपण त्यांना पहिलवान मोटारी म्हणू. बेताच्या अंगलटीच्या मोटारीत आडदांड इंजिन बसवायचे, एवढीच त्यामागची कल्पना. १९६४ साली पॉन्टियॅकची जीटीओ निघाली आणि या पहिलवानांचा बोलबाला झाला. पुढे विम्याचे हप्ते चढले, धुराचे नियम आले, १९७३ चे तेलसंकट आले आणि आखाडा ओस पडला. आज त्या मोटारींना सोन्याचा भाव आहे.

परतताना भाचा हळूच म्हणाला, “मामा, आपल्या शेजारचे आजोबा त्यांची चार्जर विकताहेत. १९६९ ची डॉज चार्जर, आणि तीही आर/टी! भाव मात्र फारच कमी सांगितलाय. मला धास्ती वाटते. तुम्ही जुन्या पोथ्या लावता ना? मग ही एक पोथी लावून द्या.”

भाच्याची धास्ती वावगी नव्हती. १९६९ ची साधी चार्जर ३१८ घनइंचाच्या इंजिनासह मिळे. त्याची ताकद २३० अश्वशक्ती. आर/टीत ४४० घनइंचाचे, ३७५ अश्वशक्तीचे इंजिन असे. बाहेरून पाहता दोघी सख्ख्या बहिणी. साधीच्या अंगावर ‘आर/टी’ ही दोन अक्षरे चिकटवली की झाली तोतया तयार! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे साक्ष द्यायला कारखाना स्वतः कागद ठेवून गेलेला असतो.

ती साक्ष वाचायची कशी, हे भाच्याने एका संध्याकाळी मला शिकवले. आपल्याकडे जुनी मोटार नावावर करताना चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात, ते वाचकांनी पाहिले असेल. अमेरिकेत १९८१ पासून हा नंबर सगळ्यांनाच सतरा अक्षरांचा झाला. त्याआधी दर कंपनीची लिपी निराळी. चार्जरचा नंबर काचेतून दिसेल असा डॅशबोर्डावर असतो. समजा, तो ‘एक्सएस २९ एल ९ बी’ असा सुरू झाला. एक्स म्हणजे चार्जर, एस म्हणजे आर/टीची पायरी, २९ म्हणजे दोन दारांचा आकार, एल म्हणजे ४४० चे इंजिन, ९ म्हणजे १९६९ आणि बी म्हणजे हॅमट्रॅमॅकचा कारखाना. पुढचे सहा आकडे तिचा अनुक्रम. हेच ‘एक्सपी २९ एफ’ निघाले, तर समजावे की बाई साध्या घरच्या. इंजिन ३१८ चे.

दुसरी साक्ष बॉनेटखाली, डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूस. तिथे पत्र्याची एक पट्टी असते आणि तिच्यावर इंजिन, गिअर, रंग, गाद्या अशा सगळ्यांची सांकेतिक अक्षरे ठोकलेली असतात. गंमत अशी, की ही पट्टी खालच्या ओळीपासून वर वाचायची. पट्टी स्क्रूने बसवलेली, तेव्हा ती बदलता येते. नव्या पट्ट्या बनवूनही मिळतात. म्हणून मोटारीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर तिच्याशी ताडून पाहायचा. प्रक्षिप्त ओवी ओळखायला आम्ही दुसरी प्रत शोधतो, तसेच हे.

तिसरी साक्ष सगळ्यांत गोड. कारखान्यात एकाच रांगेतून शेकडो मोटारी निघत आणि एक मोटार दुसरीसारखी नसे. गिऱ्हाइकाने मागितले तसे सामान जिच्यात तिच्यात बसवायचे. कामगारांना कळावे म्हणून दर मोटारीमागे संकेतांचा एक कागद फिरे. काम झाले की त्याचा उपयोग संपला. कुणीतरी तो मागच्या बैठकीच्या स्प्रिंगांत खुपसून देई. पन्नास वर्षांनी आज लोक बैठक उचलतात ती या चिठोऱ्यासाठी!

शेवरलेची तऱ्हा याहून वेगळी. १९७० च्या शेव्हेलचा नंबर इंजिन सहा सिलिंडरचे की आठांचे इतकेच सांगतो. पुढचे इंजिनालाच विचारावे लागते. त्याच्यावर ‘टी ०२१४ सीआरव्ही’ असे ठोकलेले दिसले, तर ते टोनावांडाच्या कारखान्यात १४ फेब्रुवारीला जुळवलेले, चार गिअरांच्या शेव्हेलसाठीचे ४५४ घनइंचाचे इंजिन. लोखंड ओतल्याची तारीख वेगळी असते, आणि तिच्यात महिना अक्षराने दाखवतात. जानेवारीचा ए, फेब्रुवारीचा बी. आधी ओतणे, मग जुळवणे, मग मोटार, असा क्रम लागला पाहिजे. मोटार इंजिनाच्या आधी जन्मलेली निघाली, की पत्रिका खोटी.

हे आकडे काय चमत्कार करतात पाहा. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगने एका काळ्या चार्जरचा पाठलाग केला. त्या मस्टँग दोन होत्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या. एकीच्या अखेरीस ५५८, दुसरीच्या ५५९. उड्या मारणारी ५५८ पुढे बेपत्ता झाली, ती २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या भंगारात सापडली. ओळख पटली ती नंबरावरून. ५५९ एका कुटुंबाने १९७४ साली घेतली होती. त्या घरची शिक्षिका तीच घेऊन शाळेत जाई! १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती मागितली, पण त्यांनी दिली नाही. २०२० च्या जानेवारीत लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली आली.

एवढा अभ्यास झाल्यावर रविवारी सकाळी आम्ही शेजारी गेलो. आजोबा ऐंशीच्या घरातले. पूर्वी शाळेची बस चालवीत. आता मुलीकडे ॲरिझोनात राहायला निघालेले. त्यांनी किल्ली हातात दिली आणि कॉफी करायला आत गेले. मोटार लाल. मागे ‘आर/टी’ ही अक्षरे, जराशी तिरकी. मी चष्मा लावून डॅशबोर्डावर वाकलो.

“एक्स... पी...” मी वाचले. भाच्याचा चेहरा उतरला. पट्टीही तेच बोलली. बैठकीखाली कागद मिळाला, त्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. उरलेल्या भागात ३१८ चे इंजिन स्वच्छ नोंदलेले. तीन साक्षी, तिन्ही एकमुखी. तोतया!

“मामा, आता भाव आणखी पाडता येईल,” भाचा कुजबुजला. खरे सांगतो, पुराव्याचा विजय झाल्याने मलाही बरे वाटत होते. पण त्याच्याहून मोठा प्रश्न पुढे उभा होता. इतकी वर्षे जपलेली वस्तू खोटी आहे, हे त्या म्हाताऱ्या माणसाला सांगायचे कुणी? शेवटी मीच, शब्द चाचपत, सांगितले.

आजोबा हसले. “आर/टी आहे असे मी कधी म्हणालो होतो का? साध्या चार्जरचाच भाव सांगितला की मी!”

आम्ही दोघे गप्प. खरेच, त्यांनी एकदाही तसे म्हटले नव्हते. दोन अक्षरे पाहून आम्हीच ते ठरवले होते, आणि कमी भाव ऐकून मनातल्या मनात हरखलो होतो.

“ती अक्षरे माझ्या मुलाने लावली,” ते म्हणाले. “सतरा वर्षांचा होता. वर्तमानपत्रे टाकून पैसे साठवले, आणि मी कामावर गेलो असताना स्वतः भोके पाडली. म्हणून तिरकी आहेत. फार रागावलो होतो त्या दिवशी.” मग जरा थांबून म्हणाले, “तो आता नाही.”

मला एकदम पार्वतीबाईंची आठवण झाली. तोतयाची चौकशी झाली, १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले, आणि पुराव्याच्या दृष्टीने न्याय चोखच होता. तरी भाऊसाहेबांमागे त्या बाईंनी कुंकू पुसले नाही. त्यांची साक्ष कुठल्याच दफ्तरात बसणारी नव्हती.

भाच्याने भाव पाडला नाही. सांगितलेली रक्कम त्याने दिली. आजोबांनी एकच अट घातली: मोटार नेण्यापूर्वी ती अक्षरे काढून त्यांना द्यायची. भाच्याने स्वतः पाना घेऊन ती काढली, फडक्याने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

परवा भाच्याचा फोन आला. मोटारीला नवा रंग देऊन झाला म्हणे. रंगाऱ्याने विचारले, मागची ही भोके बुजवू ना? भाचा म्हणाला, “नको, राहू देत.”