फोर-के पेटी घेण्यापूर्वी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा बोरसीतील आमचे घर पडद्यासमोर श्वास रोखून बसले होते. पुढच्या मोहिमेपूर्वी 'फोर-के' स्ट्रीमिंग पेटी घ्यावी, असा आता घरचा आग्रह आहे. माझे मत असे की, वेष्टनावरील या एका शब्दावर विसंबू नये.

फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रतिबिंदू २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर सुमारे ६०० कोटी बिट होतात. ५० मेगाबिटची जोडणी सेकंदाला ५ कोटीच आणते. म्हणून दृश्य दाबून पाठवले जाते आणि ते उलगडते पेटीतील चिप. तेव्हा दुकानात आधी विचारा: एचईव्हीसी व एव्ही-१ यांचे डिकोडिंग हार्डवेअरमध्ये होते का? नसेल, तर ऐन उतरण्याच्या क्षणी चित्र थिजू शकते.