सनदेच्या दारावर कोण बसले आहे?

कायद्याची पदवी मिळाली म्हणजे पोरगा वकील झाला, असे आपल्या वस्त्यांत अजूनही समजतात. तसे नाही. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून उभे राहायचे तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद लागते. गावोगावची बार असोसिएशन ही वकिलांची स्थानिक संघटना. बार कौन्सिल मात्र 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने उभी केलेली संस्था. तिच्या पटावर नाव नाही, तर वकिली नाही. दारावर बसणाऱ्याची ताकद काय असते, हे काळाराम मंदिरासमोर 1930 साली सत्याग्रह करणाऱ्या समाजाला सांगावे लागत नाही.

बाबासाहेब 1922 मध्ये बॅरिस्टर झाले, पण मुंबईत सनद घ्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. नवल भथेना हे मित्र मदतीला धावले, तेव्हा कुठे 1923 मध्ये वकिली सुरू झाली. पुढे याच बाबासाहेबांनी सवर्णांनी लावलेला महाडच्या चवदार तळ्याचा दावा जवळजवळ दहा वर्षे झुंजवला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात विजय मिळवला. भथेना नसते तर?

आज प्रत्येक पोराला भथेना भेटत नाही. म्हणून कायद्याच्या कलम 24 ने नोंदणी शुल्क ठरवून दिले. मुद्रांक शुल्क सोडून सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना फक्त 125! तरीही राज्याराज्यांतील कौन्सिलांनी निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये उकळले. महाराष्ट्र अपवाद नव्हता. ओडिशात तर आकडा 42 हजारांवर गेला. जे इतरांना कायदा शिकवतात, त्यांनीच कायदा गुंडाळून ठेवला. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा वसुली बेकायदा ठरवली आणि ती वंचितांना पेशाबाहेर ठेवते, असेही बजावले. मात्र आधी घेतलेले पैसे परत करण्याची सक्ती केली नाही. मजुरी करून, दागिना मोडून ज्या आईने ते भरले, तिचे गेले ते गेलेच.

कौन्सिलवर 25 सदस्य वकिलांच्या मतांनी निवडून जातात. डिसेंबर 2025 मध्ये महिलांना 30 टक्के प्रतिनिधित्व द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ते योग्यच. पण कायद्याच्या कलम 3 मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी एकही राखीव जागा नाही, याबद्दल कुणी बोलत नाही. आपले वकीलही मत देताना बहुधा ओळखपाळख पाहतात.

गरिबांना कायदेविषयक मदत मिळवून देणे हेही याच कायद्याने कौन्सिलवर सोपवलेले काम आहे. मते मागायला उमेदवार नाशिक, येवला, मालेगावच्या बाररूममध्ये येतातच. तेव्हा चळवळीच्या वकिलांनी त्यांना थेट विचारावे : अॅट्रॉसिटीच्या किती फिर्यादींना तुमच्या कौन्सिलने वकील दिला?