विश्लेषण : कडाक्याच्या थंडीत बीएस-६ ट्रकचा तोच दिवा पुन्हा पुन्हा का पेटतो?

नाशिकचा कांदा घेऊन उत्तरेकडे गेलेला ट्रक काश्मीर-लडाखच्या थंडीत पोहोचतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडून कोड पुसतात, फार तर एखादा महागडा सेन्सर बदलतात. दोन दिवसांनी पहाटे पुन्हा तोच दिवा. मग ‘बीएस-६ची नाटकं’ म्हणून सगळे खापर तंत्रज्ञानावर फुटते. पण हा दिवा त्रास कुठे जाणवतोय ते सांगतो, त्रासाचे मूळ सांगत नाही. वर्कशॉपची गल्लत होते ती इथेच.

गोठते काय?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. आज बहुतेक मोठ्या ट्रकना डिझेलसोबत डीईएफ, म्हणजे चालकांच्या भाषेत ‘युरिया’, लागतो. यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. हे मिश्रण उणे ११ अंशांना गोठते. युरियाचे प्रमाण कमी झाले किंवा वाढले, तरी ते त्याआधीच गोठू लागते. म्हणून त्यात पाणी मिसळणे म्हणजे संकटाला आमंत्रण. गोठताना ते फुगते, त्यामुळे टाकी काठोकाठ भरू नये.

गोठणे हा मात्र बिघाड नाही. ट्रक सुरू होतो, इंजिनचे गरम कूलंट टाकीतून फिरते आणि युरिया वितळतो. कूलंटच गरम होत नसेल तर?

आधी काय तपासायचे?

थर्मोस्टॅट! तो उघडा अडकला की इंजिन पुरेसे तापत नाही. टाकी वितळायला उशीर होतो, सायलेन्सरमधले तापमान चढत नाही, काजळीचा फिल्टर (डीपीएफ) साफ होत नाही. एका स्वस्त भागामुळे तीन-चार वेगवेगळे कोड येतात आणि बदलला जातो सेन्सर. अशक्त बॅटरीचेही तसेच. व्होल्टेज पडले की हीटर आणि सेन्सर दोन्ही तक्रार करतात.

दुसरे कारण सवयीचे. चावी बंद केल्यावर पंप नळ्यांमधला युरिया टाकीत परत ओढतो. त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात बॅटरीचा मेन स्विच पाडला, तर युरिया नळीतच राहतो, रात्री गोठतो किंवा त्याचे पांढरे खडे होतात. केबिनमध्ये ऊब राहावी म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवले, तर थंड धुरामुळे काजळी साचते. यात चालकाला दोष देणे सोपे आहे. पण उणे १५ अंशांत त्याने झोपायचे कसे, याचे उत्तर मालकाकडे नसते, कंपनीकडेही क्वचितच.

यंत्रणाच ‘बायपास’ करून देणारे हायवेवर भेटतात. ते बेकायदा आहे आणि तो धूर शेवटी रस्त्याकाठच्या लोकांच्याच छातीत जातो.

तरीही कंपन्यांना मोकळे सोडता येणार नाही. बिघाड दुरुस्त झाला नाही की सॉफ्टवेअर इंजिनची ताकद कमी करते. सपाट महामार्गावर ही शिस्त ठीक, बर्फातल्या चढावर ती जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने (ईपीए) ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रक उत्पादकांना हे सॉफ्टवेअर सौम्य करायला सांगितले. आपल्याकडे लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल २०१९ मध्येच आले. त्याच रस्त्यावरच्या ट्रकच्या सॉफ्टवेअरचाही विचार व्हायला हवा. आणि मेन स्विच कधी पाडायचा, हे सांगणारे मराठी-हिंदी स्टिकर केबिनमध्ये लावायला तर कुठल्याच नियमाची वाट पाहावी लागत नाही.