दवाखान्याचे पॉइंट
यवतमाळ, पुसद किंवा वणीतल्या खासगी दवाखान्याने रुग्णांसाठी पॉइंट योजना काढली, तरी तिथे किराणा दुकानाचा हिशेब चालत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल भेट, कमिशन वा बोनस देणे-घेणे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेने डॉक्टरांना मना केले आहे; म्हणजे ‘ओळखीचा पेशंट आणा, पॉइंट मिळवा’ हे आधीच बाद. बिलाच्या रकमेवर पॉइंट दिले, तर नको त्या तपासण्यांना ऊत येणार. उरते ते वेळेवर येण्याचे बक्षीस: बाळाची लस, रक्तदाबाची फेरतपासणी. सरकारने 2005मध्ये जननी सुरक्षा योजनेत हीच वाट धरली. ग्रामीण भागातल्या पात्र मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यावर महाराष्ट्रात 700 रुपये ठरले. खासगी दवाखान्यात पॉइंटच्या बदल्यात पुढच्या तपासणीची फी सोडावी. औषधे मात्र त्यात आणू नयेत.