शेंडा सांभाळा

डिसेंबर आला की रोपवाटिकांत 'ख्रिसमस ट्री' म्हणून हिरवीगार झाडे मांडलेली दिसतात. मुले हट्ट धरतात. आई-वडील पगारातले चार पैसे बाजूला काढून झाड घरी आणतात. मार्चपर्यंत खालच्या फांद्या तपकिरी पडतात, मे महिन्यात नुसती काडी उरते. मूल हिरमुसते आणि आई म्हणते, "माझ्या हाताला झाड लागतच नाही." भगिनींनो, दोष तुमच्या हाताचा नाही. त्या झाडाची ओळख कोणी करून दिलेली नसते, इतकेच.

खरे फरचे झाड थंड मुलखातले. आपल्या देशात ते हिमालयात दोन-तीन हजार मीटर उंचीवर वाढते. मुंबई-नागपूरचा उन्हाळा त्याला सोसत नाही. आपल्याकडे कुंडीत मिळते ते बहुधा ॲरोकेरिया, फरचे दूरचे नातलग. त्याचे मूळ गाव पॅसिफिक महासागरातले नॉरफोक बेट. १७७४ साली कॅप्टन कुक तिथे पोचला, तेव्हा ही सरळसोट झाडे पाहून त्याला जहाजाच्या डोलकाठ्या सुचल्या. झाड बेटावरचे असल्याने दमट हवा त्याला मानवते.

कुंडीला खाली भोक हवेच. माती, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून भरावे. वरची माती बोटाच्या पेराइतकी कोरडी झाली की पाणी घालावे. रोज तांब्याभर ओतल्यास मुळे कुजतात. पण माती पार सुकूही देऊ नये, कारण वाळून गळलेली फांदी त्या जागी पुन्हा येत नाही. सकाळचे ऊन मिळेल अशी गॅलरी किंवा खिडकी चांगली. दुपारचे कडक ऊन आणि पंख्याचा वारा नको. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. दोन-तीन वर्षांनी थोडी मोठी कुंडी द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेंडा. तुळशीचा शेंडा खुडला की ती दाट होते. इथे तसे करू नका. शेंडा मोडला की झाडाची सरळ वाढ बिघडते, पहिला डौल परत येत नाही. कोणी बाजूची फांदी तोडून "लावा, जगेल" म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा. अशी फांदी जगली तरी आडवीच पसरते, उभी राहत नाही. म्हणून रोप आणतानाच शेंडा शाबूत आहे ना, हे पाहून घ्या. त्यावर जड दिवे किंवा तारा टांगू नका.

दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, नाहीतर झाड उजेडाकडे कलते. हे काम मुलाकडे सोपवा. वर्षातून एकदा भिंतीवर पेन्सिलीने झाडाची आणि मुलाची उंची मांडा. झाड छताला टेकू लागले तर कापू नका. शाळेच्या किंवा वस्तीच्या मोकळ्या आवारात, विजेच्या तारांपासून दूर, सगळ्यांनी मिळून लावा.