हुजूर पक्षाने जपलेला मजूर पक्षाचा कायदा

ब्रिटनच्या हुजूर पक्षाला खुल्या बाजारपेठेचा पक्ष म्हणणं आता थांबवायला हवं. हे मी त्या पक्षाचा विरोधक म्हणून लिहीत नाही. कर कमी असावेत, सरकारने लोकांच्या व्यवहारात लुडबुड करू नये, ज्याची जमीन त्यानेच तिचं काय करायचं ते ठरवावं, अशा मतांचा मी माणूस. या मतांपायीच इथे राहून त्या पक्षाला मत देत आलो. म्हणूनच संताप येतो.

१९४७ साली ॲटलींच्या मजूर सरकारने नगररचनेचा कायदा केला आणि जमिनीवर बांधण्याचा हक्क सरकारजमा झाला. कोळशाच्या खाणी, पोलाद, रेल्वे यांचं राष्ट्रीयीकरण पुढे थॅचरबाईंनी आणि मेजर यांनी मोडीत काढलं. बांधण्याच्या हक्काचं राष्ट्रीयीकरण मात्र आजही शाबूत आहे. मधल्या पाऊणशे वर्षांत निम्म्याहून अधिक काळ सत्ता हुजूर पक्षाचीच होती.

मुंबईत किती बांधता येईल याची मर्यादा, म्हणजे एफएसआय, कमी-जास्त असेल, पण किती आहे ते आधी कळतं. इथे तेही नाही. प्रत्येक अर्ज वेगळा तपासायचा, आणि मोठा असेल तर नगरसेवकांची समिती हात वर करून निकाल देणार. आमच्या भागात बंद पडलेल्या गोदामाच्या जागी पाच मजली इमारत बांधण्याचा अर्ज आला. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला प्लास्टिकमध्ये घातलेली नोटीस लागली. समितीच्या बैठकीला मी गेलो. बोलायला उठलेले बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, कर्ज कधीच फिटलेल्या घरांचे मालक. गाड्या कुठे लावायच्या, बागेवर सावली पडेल, परिसराचं रूप बिघडेल. ज्यांना त्या फ्लॅटमध्ये राहायला मिळालं असतं त्यांच्या बाजूने बोलायला एकही माणूस नव्हता. ते त्या वॉर्डाचे मतदारच नव्हते. डावे-उजवे सगळे हात विरोधात वर गेले, अर्ज फेटाळला गेला आणि टाळ्या पडल्या. गोदामाचे गंजके पत्रे अजून तिथेच आहेत. राखण्याजोगं रूप म्हणतात ते हे!

हे नेहमीच असं नव्हतं. लंडनच्या हॅरो-वेम्बलीकडे आज जी मराठी आणि गुजराती कुटुंबं जोडघरांतून राहतात, त्यातली बरीचशी घरं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात खासगी बिल्डरांनी बांधली. मेट्रोपॉलिटन रेल्वे पुढे सरकली, तिच्यामागून वस्ती गेली, आणि कारकुनाला, कारागिराला स्वतःचं घर परवडलं. मग लंडनभोवती बांधकाम रोखणारा हिरवा पट्टा आवळला गेला. आज तो खुद्द लंडनच्या तिप्पट आहे. इंग्लंडची आठवा हिस्सा जमीन अशा पट्ट्यांखाली आहे, आणि तिथे सगळीकडे रान आहे असं समजू नका: नांगरलेली शेतं आहेत, गोल्फची मैदानं आहेत. १९९७ साली इंग्लंडमध्ये साधारण घराची किंमत साधारण वार्षिक पगाराच्या साडेतीन पट होती. २०२४ साली ती साडेसातपटीच्या वर होती, लंडनमध्ये अकरापट. टंचाई निसर्गाने आणलेली नाही. ती कायद्याने केली आणि घरमालकांच्या मतांसाठी जपली.

हुजूर पक्षाला हे कळत नव्हतं असंही नाही. २०२० साली तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी नियमांवर चालणारी, विभागवार नवी पद्धत मांडली. त्यावर नाराजी असतानाच जून २०२१ मध्ये चेशम-ॲमरशमची पोटनिवडणूक पक्ष हरला, आणि एका जागेच्या पराभवाने सगळ्या पक्षाचं धाबं दणाणलं. सप्टेंबरात जेनरिक यांचं मंत्रिपद गेलं, योजनाही गुंडाळली गेली. वर्षाला ३ लाख घरं हे २०१९ च्या जाहीरनाम्यातलं वचन होतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्वपक्षीय खासदारांनी बंड करताच सुनक सरकारने त्यासाठी स्थानिक परिषदांवर असलेली सक्ती काढून टाकली. दोन वर्षांनी ती परत आणली मजूर पक्षाने. बाजारपेठेच्या नावाने मतं मागणाऱ्यांना याची शरम वाटायला हवी.

आणि तुटवडा असताना हुजूर पक्षाने केलं काय, तर २०१३ मध्ये घर घेणाऱ्याला सरकारी कर्ज देणारी 'हेल्प टू बाय' योजना. घरं मोजकी ठेवून गिऱ्हाइकाच्या हाती जादा पैसे दिले की भाव चढणारच. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

घरांचं जे झालं तेच रस्त्यांचं आणि रेल्वेचं. टेम्सखालून जाणाऱ्या नव्या बोगद्याच्या अर्जाची कागदपत्रं साडेतीन लाख पानांवर गेली. एचएस-टू रेल्वेमार्गावर बकिंगहॅमशरमध्ये वटवाघळांसाठी सुमारे एक किलोमीटर लांबीचं आच्छादन बांधलं जातंय. खर्च १० कोटी पौंडांहून जास्त. हे सगळं बहुतांशी हुजूर पक्षाच्या राजवटीत ठरलं.

आता महाग भाड्यांवर उतारा म्हणून पुन्हा भाडेनियंत्रणाची मागणी होते आहे. लंडनचे महापौर सादिक खान तो अधिकार मागत आलेत. त्यांनी गिरगाव-लालबागला जाऊन यावं. मुंबईचा जुना भाडेकायदाही १९४७चाच. १९४० च्या पातळीवर भाडी गोठवली, आणि मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. टेकू लावलेल्या गॅलऱ्या, ताडपत्री घातलेली छपरं, काळ्या पैशातली पागडी आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या चाळी ही त्या कायद्याची कमाई. भाडेकरूच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने भाडेकरूच ढिगाऱ्याखाली गेले.

हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये राहत्या घराच्या खरेदीवरची स्टॅम्प ड्यूटी रद्द करण्याचं वचन दिलं. तो कर वाईटच आहे, जायलाच हवा. पण घरं तेवढीच राहिली तर वाचलेल्या पैशातला मोठा वाटा विकणाऱ्याच्या खिशात जाईल. जुलै २०२४ मध्ये पक्ष १२१ जागांवर आला, इतिहासातली सर्वांत वाईट कामगिरी. ज्या पिढीला घर मिळत नाही ती मालमत्तेच्या हक्काची बाजू का घेईल?

बेडनॉकबाईंनी १९४७ पासूनची ही परवानगीची पद्धत रद्द करण्याचं वचन जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर छापावं. ठरलेल्या नियमांत बसणारं बांधकाम कुणापुढेही हात न जोडता करता येईल, एवढं लिहिलं तरी पुरे. ते लिहिणार नसतील तर माझं मत त्यांना मिळणार नाही, आणि इथल्या मराठी मतदारांनीही देऊ नये.